सासऱ्यांचे मासे आणि माझा चिमटा

…आणि वर सासरे मलाच विचारतात, त्यात किळस येण्यासारखं काय आहे? मी म्हटलं, काहीच नाही. सकाळी फ्रिज उघडावा, दूध काढायला हात घालावा आणि दुधाच्या शेजारच्या डब्यात मुठीएवढा लाल गोळा आपला आपण हलत असावा, यात किळस येण्यासारखं काय आहे? गोळा म्हणजे कसला, तुम्हाला सांगतो, केसाएवढे बारीक किडे, बोटाच्या पेराएवढे लांब, हजार-दीड हजार तरी असतील, आणि असे एकमेकांत गुंतलेले की कुणाचं डोकं कुठे आणि कुणाचं शेपूट कुठे, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. झाकण उघडलं की सगळा गोळा एकदम आक्रसतो. अंग चोरतो. म्हणजे कोणीतरी आलंय हे त्याला कळतं. आमच्या घरात मी आलोय हे कळणारं तेवढं एकच होतं, ही गोष्ट वेगळी.

तर किडे कुणासाठी? माशांसाठी. मासे कुणाचे? सासऱ्यांचे. चिमटा कुणाचा? माझा. तिथेच मी अडकलो.

मी घड्याळं दुरुस्त करतो. घरातच. बाहेरच्या खोलीत खिडकीशी टेबल होतं माझं, बावीस वर्षं एकाच जागी, डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि समोर मनगटी घड्याळाची केसासारखी स्प्रिंग. हात जरा थरथर कापला तर स्प्रिंग गेली. माझा हात कधी कापला नाही. अपवाद एकच, सासरे शेजारी असले की कापायचा. त्याला कारण आहे. आमचे सासरे वाहन परवान्याची परीक्षा घ्यायचे. एकतीस वर्षं लोकांच्या शेजारच्या सीटवर बसून त्यांनी लोकांना नापास केलं. ओरडायचे नाहीत हो. ओरडणाऱ्या माणसाचं बरं असतं, ओरडून झालं की तो दमतो. हे मांडीवर कागद ठेवायचे, पेन्सिलीने एक बारीक रेघ मारायचे आणि एखाद्या आजाऱ्याशी बोलावं तसं हळू म्हणायचे, "गाडी बाजूला घ्या." मग जरा थांबायचे. त्या थांबण्यातच माणूस अर्धा व्हायचा. मग "उतरा."

मला तीनदा उतरवलंय. पहिल्यांदा म्हणाले, आरशात बघितलं नाहीत. दुसऱ्यांदा मी इतकं आरशात बघितलं की म्हणाले, रस्त्याकडे बघितलं नाहीत. तिसऱ्यांदा माझं काही चुकलं नाही. मी विचारलं, "साहेब, काय चुकलं?" तर म्हणाले, "चुकलं काहीच नाही. पण मला तुम्ही पटत नाही." त्या दिवशी त्यांचा डबा घेऊन त्यांची मुलगी ऑफिसात आली होती, माझं तोंड बघून ती फिसकन हसली, आणि दीड वर्षात आमचं लग्न झालं. लग्नात हे पाहुण्यांना सांगत होते, "परवाना मिळेना म्हणून मुलगी घेऊन चाललेत." सगळे हसले. मीही हसलो. अजून सायकलवरच फिरतो मी.

गेल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काठी आली, एकट्याने राहणं संपलं. बायको म्हणाली, "अहो, महिनाभर आणू या का त्यांना?" आणलं. सामान काय तर एक बॅग, एक काठी, एक आरामखुर्ची आणि चार फुटांची काचेची टाकी. आत सात मासे. ताटलीसारखे गोल, चपटे, अंगावर निळ्या नागमोडी रेघा, डोळे लाल, आणि चेहऱ्यावर असा भाव की तुमच्याबद्दल आम्ही सगळं ऐकलंय. टाकी ठेवायची कुठे? सासऱ्यांनी खोलीभर नजर फिरवली. म्हणाले, "ऊन नको, पण उजेड हवा." तशी जागा घरात एकच होती. माझं टेबल गेलं न्हाणीघर आणि स्वयंपाकघराच्या मधल्या बोळात. गिऱ्हाईक घड्याळ घेऊन यायचं तेव्हा मी वाफेतून बाहेर यायचो.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी आठ वाजता हाक आली, "जावईबापू, तो तुमचा चिमटा घेऊन या जरा."

मी म्हटलं, "बाबा, माशांसाठी डब्यात खाद्याचे कोरडे पापुद्रे मिळतात ना, चिमूटभर टाकले की झालं…"

"मेलेलं चालत नाही त्यांना," म्हणाले. "जिवंतच पाहिजे."

आता हे खायला घालायचं कसं, तेही सांगतो. प्लास्टिकची एक वाटी असते, तळाला बारीक भोकं, ती पाण्यावर तरंगते. तिच्यात चिमट्याने किड्यांचा पुंजका सोडायचा. किडे आधी इकडेतिकडे करतात, मग एखाद्याला भोक सापडतं. त्याला वाटतं सुटलो. तो त्यातून खाली सरकायला लागतो, अर्धा बाहेर येतो, आणि खाली तोंड उघडून उभा असतो मासा. सुईतून दोरा ओढावा तसा सुर्रकन. सासरे खुर्चीत, काठीवर हनुवटी टेकून, अगदी मन लावून बघत होते. म्हणाले, "बघा, आपले आपण जातायत. आपण ढकललं का कुणाला?" मग माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "कापतोय."

हे सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला. शिवाय किडे निवडणं वेगळं. शोभेचे मासे आणि हे किडे विकणाऱ्या बाईंनी मला बजावलं होतं, "रोज पाणी बदलायचं, मेलेले वेचून काढायचे, नाहीतर एकापायी सगळा गोळा सडतो." मी विचारलं, ओळखायचे कसे? म्हणाल्या, "चिमटा लावला की जो अंग चोरत नाही, तो मेला." म्हणजे डोळ्याला भिंग लावून मी रोज सकाळी काय करायचो, तर हजारभर किड्यांना एकेक करून घाबरवायचो. जो घाबरेल तो फ्रिजमध्ये परत. जो घाबरणार नाही तो मोरीत. कारण काय? जिवंतच पाहिजे.

एकदा मी फसवायला गेलो. सासरे खुर्चीत पेंगत होते, मी गुपचूप कोरडे पापुद्रे टाकले. मासे आले, हुंगले, आणि अशा काही चेहऱ्याने मागे फिरले की मला आमच्या लग्नातले पाहुणे आठवले. सासऱ्यांनी एक डोळा उघडला. पुन्हा मिटला. दुपारी ताट पुढे आलं, ते त्यांनी दोन बोटांनी बाजूला सरकवलं. "ते उपाशी आहेत," म्हणाले, "मला कसं जाईल?" दुसऱ्या दिवशीही तेच. बायको दवाखान्याच्या धुलाईखात्यात आहे, रोज चारशे चादरी तिच्या हाताखालून जातात, बाई खंबीर, पण संध्याकाळी घरी आली आणि पदराने डोळे पुसायला लागली. "अहो, तुम्हाला चिमटा तेवढा हलवायचा असतो. त्यांचं आता तेवढंच उरलंय हो." मी गेलो सासऱ्यांकडे. म्हटलं, "बाबा, चुकलं माझं." तर म्हणाले, "मला नका सांगू. त्यांना सांगा."

मी सांगितलं. एकोणपन्नास वर्षांचा माणूस, सात माशांपुढे हात जोडून उभा राहिलो आणि म्हणालो, चुकलं. त्यांनी तोंडं उघडली, मिटली, उघडली, मिटली. सासरे म्हणाले, "जरा मोठ्याने. काचेतून ऐकू जात नाही."

आता पुढचं सांगतो ते नीट ऐका, कारण यात माझं काही चांगलं दिसणार नाहीये.

सवय होते हो. किळस जाते. महिन्याभरात गेली. बरं, किळस गेली की तिथे काहीतरी चांगलं येईल असं आपल्याला वाटतं, माया वगैरे. ती नाही आली. एकदा संध्याकाळी सासऱ्यांचा डोळा लागला होता, बायको कामावर, मी वाटीपाशी उभा, चिमट्यात एकच किडा, आणि तोंडातून आपोआप निघालं… हळू, अगदी त्यांच्या त्या आवाजात… "आरशात बघितलंत का?" किडा वळवळला. मी जरा थांबलो. ते थांबणंही अगदी तसंच जमलं. मग म्हटलं, "उतरा." आणि सोडला भोकावर. सुर्रकन. मग दुसरा उचलला. "हात दाखवलात का वळताना? हात नाही? मग परीक्षेला कशाला आलात? उतरा." तिसरा. "तुमचं चुकलं काहीच नाही हो. पण तुम्ही पटत नाही." काय सांगू तुम्हाला, छातीवरचं कसलंसं ओझं उतरलं माझ्या. मग मी गोळ्याच्या आत दडून बसलेले शोधायला लागलो. जे जास्त अंग चोरतात ते आधी. वीस-पंचवीस तरी नापास केले असतील.

मागून आवाज आला. खुसूखुसू. वळून बघतो तर सासरे जागे, काठी धरून हसतायत, डोळ्यांत पाणी. म्हणाले, "आता हात नाही कापत तुमचा." आणि माझ्या पाठीवर थाप मारली. बावीस वर्षांत पहिली. तुम्ही मला हसाल, पण त्या संध्याकाळी मी बोळात बसून शीळ घालत घड्याळं जोडली. बायकोने विचारलं, "आज काय एवढं?" आता काय सांगू तिला? किडे छळून मारले म्हणून तुझ्या वडिलांनी शाबासकी दिली?

मग ते आमचं रोजचंच झालं. पाच वाजले की सासरे खुर्चीत, मी टाकीशी. मी एकेक उचलून दाखवायचो, ते बघायचे आणि शिक्षा सांगायचे. "याला जरा वाट बघू द्या." "हा उद्धट आहे, याला मोठ्या माशाकडे." दोघं हसायचो. सासरा-जावयाचं असं कुणाच्या घरी जमतं सांगा. बायको लांबून बघायची आणि तिला भरून यायचं.

तीन महिने असे गेले, आणि एका सकाळी चहाचा कप सासऱ्यांच्या हातातून निसटला. त्यांनी तो उचलायला हात हलवला, तर हात हलेना. उजवी बाजू गेली. वाचाही गेली. दवाखान्यात पंधरा दिवस, मग घरी. खुर्चीत बसवून ठेवायचं, उशा लावून. डावा डोळा तेवढा पहिल्यासारखा, टक्क उघडा. बायको सकाळी सातला कामावर जायची, रजा संपलेली. दुपारचं जेवण भरवायला घरात कोण? मी. मऊ शिजवून, कुस्करून, पातळ करून, चमच्याने. घास पुढे आला की ते तोंड उघडायचे.

तुम्ही मला चांगला माणूस समजत असाल तर इथे उठून गेलात तरी चालेल.

मी चमचा चार बोटं अलीकडे थांबवला. मुद्दाम. ते तोंड उघडून थांबले. घरात कोणी नाही, टाकीतला पंप तेवढा गुरगुरतोय. मी हळू आवाजात म्हटलं, "आरशात बघितलंत का?" त्यांनी मान पुढे काढली. मी चमचा तेवढाच मागे घेतला. "गाडी बाजूला घ्या." आणि थांबलो. किती थांबलो ठाऊक नाही, त्यांच्या ओठाच्या कडेने लाळ गळली तोपर्यंत थांबलो. मग दिला घास. उपाशी नाही ठेवलं हो मी त्यांना, वाटी रोज संपवली, सगळं पोटात गेलं. पण प्रत्येक घासाला थांबवून. आणि तो डावा डोळा माझ्यावरून एकदाही हलला नाही. चार दिवस केलं मी हे. चारही दिवस मला छान झोप लागली.

पाचव्या दिवशी त्यांनी ओठ मिटले ते मिटलेच. संध्याकाळी बायकोच्या हातून निमूट जेवले. ती म्हणाली, "अहो, तुमच्या हातून का नाही खात?" मी म्हटलं, "मीठ कमी असेल." त्याच आठवड्यात बोलायला शिकवणाऱ्या बाई आल्या. तपासलं, कागदावर काहीबाही लिहिलं आणि हसून म्हणाल्या, "काळजी करू नका. वाचा येईल. दोन-तीन महिन्यांत येईल. त्यांना समजतंय सगळं, आठवतंयही, फक्त शब्द बाहेर पडत नाहीत."

मी विचारलं, "सगळं आठवतंय?"

"सगळं," त्या म्हणाल्या.

बायको आनंदाने रडायला लागली. मी भिंतीला धरून खाली बसलो. तिला वाटलं, मलाही आनंदच झाला.

तिथून जी मी सेवा केली, तुम्हाला सांगतो, पोटच्या पोराने केली नसती. अंग पुसणं, तेल लावणं, कुशीवर वळवणं. घास असा अलगद की दाताला चमचा लागायचा नाही. आठवडाभर हात जोडले तेव्हा त्यांनी माझ्यापुढे तोंड उघडलं. माशांना दोनाऐवजी तीन वेळा खाणं. आणि त्या शिकवणाऱ्या बाई आल्या की मी कामं टाकून शेजारी बसायचो. त्यांना वाटायचं, काय हा जिव्हाळा. त्या म्हणायच्या, "आजोबा, म्हणा, आ…" आणि मी खुर्ची पुढे ओढायचो. "म्हणा, पा…" मी मनात म्हणायचो, देवा, पा-पाशीच राहू दे.

सातव्या आठवड्यात पहिला शब्द आला. बायको घरी होती. बाईंनी विचारलं, "आजोबा, काय पाहिजे तुम्हाला?" सासऱ्यांनी तोंड वाकडं केलं, जोर लावला, डावा डोळा माझ्यावर, आणि म्हणाले, "जि… जिवंत." बायकोने टाळीच वाजवली. "बघा, बघा, मासे आठवले बाबांना. जिवंतच पाहिजे म्हणतायत." मासे आठवले का आणखी कोण, ते मी कुणाला विचारू?

मग शब्द येतच गेले. पाणी. उशी. खिडकी. एका सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. सासरे आता डाव्या हाताने थोडं थोडं खायचे. अचानक हात थांबवून मुलीला म्हणाले, "तुला… एक… सांगायचंय."

"काय, बाबा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मांडीवर कागद ठेवून बघायचे तसंच. भिंतीवरची माझी तीन घड्याळं टिकटिकतायत, तिन्ही वेगवेगळी. मग म्हणाले, "भाजीत… मीठ… कमी आहे."

तिने मीठ वाढलं. मीही वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "तुला एक सांगायचंय." पुन्हा तसंच थांबणं. "पंख्याचा… आवाज येतो." मग एक दिवस सोडून. मग लागोपाठ तीन दिवस. कधी जेवताना, कधी ती कामावर निघताना दारात, चप्पल घालता घालता. "हां… थांब… राहिलंच." ती थांबायची, मी थांबायचो. "येताना… साबण आण." माझं वजन सात किलो उतरलं. चिमट्यातून स्प्रिंगा निसटायला लागल्या.

शेवटी एका दुपारी मी त्यांच्या पायाशी बसलो. म्हटलं, "बाबा, सांगून टाका तिला. जे काय व्हायचं ते होऊ दे. माझ्याने सोसत नाही."

ते सावकाश म्हणाले, एकेक शब्द चावून, "कशाला? सांगितलं… की संपलं."

मग जरा दम घेऊन म्हणाले, "हल्ली… छान भरवता."

म्हटलं, ठीक आहे, आपणच सांगू. त्या संध्याकाळी बायको चादरीच्या घड्या घालत होती, तिच्याजवळ गेलो. "अगं, बाबांच्या बाबतीत माझ्या हातून एक…" तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. "काही बोलू नका. दिसतं मला सगळं. आमच्या खात्यात सगळ्या बायकांना सांगते मी, माझ्या नवऱ्यासारखा माणूस नाही." तिच्या डोळ्यांत मी असा काही उंच उभा होतो की तिथून खाली उतरायला मला जिनाच दिसेना. नाही सांगितलं. तुम्ही सांगितलं असतंत?

परवा त्यांची तपासणी होती. डॉक्टरांनी छाती ऐकली, कागद बघितले आणि म्हणाले, "हृदय तिशीतल्या माणसाचं आहे. अशी सेवा मिळत राहिली तर आणखी पंधरा वर्षं कुठे जात नाहीत." बायकोने माझा दंड घट्ट धरला. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचा चेहरा का असा? बसा बघू." त्यांनी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, रक्तदाब बघितला, पुन्हा बघितला. म्हणाले, "यांच्यापेक्षा मला तुमचीच काळजी वाटते. जिवाला फार लावून घेता वाटतं? कोणीतरी लक्ष ठेवायला हवं तुमच्यावर."

सासरे चाकाच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी मान वर केली, आणि एकाही अक्षराला न अडखळता, अगदी स्पष्ट म्हणाले, "डॉक्टर, त्यांची काळजी करू नका. मी आहे ना."

घरी येताना सगळ्या वाटेने बायको माझ्या कानाशी एकच सांगत होती, बघितलंत, किती जीव आहे बाबांचा तुमच्यावर.